चेतापेशींमधला संदेश पोचल्यावर तो नेणाऱ्या रसायनाचे काय होते?

सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम पाहताना दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात, जे घडते ते पहिल्यांदा ऐकले की उलटेच वाटते. तिथल्या प्रकाशपेशी काळोखात ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सतत सोडत असतात आणि उजेड पडला की हात आखडता घेतात. उजेडाची खबर या घटीतूनच पुढे जाते. म्हणून आधी सोडलेले ग्लुटामेट रेंगाळून चालत नाही. ते उचलणाऱ्या प्रथिनांना ट्रान्सपोर्टर म्हणतात, आणि त्यांचा शोध बराच उशिरा लागला.

१९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून चेतातंतू रसायनातून संदेश देतात हे दाखवले. ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलिन. त्याचे विकर (एन्झाइम) त्याला जागच्या जागी तोडते, त्यामुळे बाकीची रसायनेही अशीच संपत असतील असे धरले गेले. १९६१ मध्ये ज्युलियस अॅक्सेलरॉड आणि गेओर्ग हर्टिंग यांनी किरणोत्सारी नॉरअॅड्रेनलिन (असेच एक संदेशवाहक रसायन) वापरून दाखवले की चेतातंतूची टोके ते सोडतात आणि परत आत ओढूनही घेतात. नैराश्यावरचे इमिप्रमिन हे ओढून घेणेच अडवते, हेही त्याच वर्षी उघड झाले. माझ्या मते खरे वळण हेच. रुग्णांना आधीपासून दिल्या जाणाऱ्या औषधाचा एक अर्थ त्यातून लागला. अॅक्सेलरॉड यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले.

ग्लुटामेटच्या बाबतीत प्रश्न जिवाशीच येतो. पेशीबाहेर त्याला तोडणारे विकर नाही, आणि १९५७ मध्येच नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचल्यावर त्यांच्या दृष्टिपटलाचे आतले थर नष्ट झालेले दिसले होते. निरोगी डोळ्यात म्यूलर पेशी, म्हणजे दृष्टिपटलातल्या आधारपेशी, ते शोषून त्याचे निरुपद्रवी ग्लुटामिन करतात. मेंदूत हे काम मुख्यतः तारकापेशी या तिथल्या आधारपेशींकडे असते. ग्लुटामेटचा एक रेणू आत येतो तो सोडियमचे ३ आयन (विद्युतभारित कण) आणि १ प्रोटॉन यांच्या सोबतीने, आणि पोटॅशियमचा १ आयन बाहेर जातो.

ट्रान्सपोर्टरांची जनुके हाती आली ती १९९० पासून: आधी गाबा या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या ट्रान्सपोर्टरचे, १९९२ मध्ये ग्लुटामेटच्या ट्रान्सपोर्टरांची. दृष्टिपटलात ठळकपणे आढळणारा ईएएटी-५ हा ग्लुटामेटचा ट्रान्सपोर्टर १९९७ मध्ये सापडला. तो ग्लुटामेट वाहण्यापेक्षा क्लोराइडला वाट देण्यातच अधिक तत्पर आहे.

ग्लुटामेटच्या या वाहतुकीला ताकद मिळते ती पेशीबाहेर जास्त आणि आत कमी असलेल्या सोडियममुळे. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की हा फरक ढासळतो आणि तेच ट्रान्सपोर्टर उलटे चालून ग्लुटामेट बाहेर ओतू लागतात.