एका खळग्यात एकच अंडं

आधी नावाचा गोंधळ निस्तरू. मराठीत ज्याला आपण कोल्हा म्हणतो तो इंग्रजीतला ‘जॅकल’. ‘फॉक्स’ म्हणजे खोकड. ही गोष्ट आर्क्टिकच्या पांढऱ्या खोकडाची.

कॅनडाच्या नुनावुट प्रदेशात कारॅक तळ्याकाठी दर जूनमध्ये स्नो गूज आणि रॉस गूज हे पांढरे हंस लाखोंनी घरटी करतात. अंडी उबायला जेमतेम तीन आठवडे लागतात, म्हणजे खोकडाची सुगी तेवढीच. पोट भरलं तरी ते थांबत नाही. अख्खं अंडं न फोडता जबड्यात धरायचं, घरट्यापासून दूर न्यायचं, पुढच्या पायांनी शेवाळात किंवा मातीत उथळ खळगा करायचा, अंडं आत ठेवायचं आणि नाकानं माती लोटून, थापून बुजवायचं. लगेच पुढच्या अंड्यासाठी माघारी.

बहुतेक वेळा एका खळग्यात एकच अंडं. एवढे हेलपाटे कशाला? सगळा माल एकाच ठिकाणी ठेवला आणि तो दुसऱ्या खोकडाला सापडला, तर वर्षाची बेगमी एका दिवसात जाते. विखुरलेल्या साठ्यातलं एखादंच अंडं चोरीला जातं.

पुरायला अंडंच का, याचं उत्तर अंड्यातच आहे. पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम हे प्रथिन जिवाणूंच्या भिंती फोडतं, दुसरं एक प्रथिन लोह अडकवून त्यांची उपासमार करतं, आणि खाली कायमची गोठलेली जमीन असते. मांस उन्हाळ्यात सडतं. अंडं मात्र, कवचाला तडा नसेल तर, पुढच्या वसंतापर्यंत टिकतं. तडा गेला की जिवाणूंना वाट मोकळी, म्हणून ते अलगद धरणं महत्त्वाचं. खोकडांच्या शरीरातल्या कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) कळलं, की वसंतात, विशेषतः लेमिंग हे उंदरासारखे छोटे प्राणी कमी असलेल्या वर्षी, ती आदल्या जूनची अंडी खातात.

शोधायचं कसं? नुसत्या वासावर नाही. ब्रिटनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकडोनल्ड यांनी पाळलेल्या लाल खोकडावर प्रयोग केला. खोकडानं स्वतः पुरलेलं बहुतेक सगळं शोधलं. तसाच खाऊ माणसानं जवळच पुरला, तेव्हा तो खोकडाला फारसा सापडला नाही. म्हणजे जागा ध्यानात राहते. शिवाय 1977 साली संशोधक जे. डेव्हिड हेन्री यांनी दाखवलं, की लाल खोकड रिकाम्या झालेल्या खळग्यावर मुततं. पुढच्या वेळी तो वास आला, की तिथं उकरत बसायचं नाही. खतावणीत खातं बंद केल्याची ही खूण.