ऑइल बदलल्याने गिअरबॉक्स बसत नाही

‘ऑटोमॅटिक गाडीचं जुनं गिअर ऑइल बदलू नका, बॉक्स बसतो, म्हणजे निकामी होतो’ हे नागपुरात हमखास ऐकायला मिळतं. उलटं आहे, बापा! लोक ऑइल बदलायला जातात तेच मुळी गिअर घसरायला लागल्यावर. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा तेव्हा झिजलेल्याच असतात. नाव येतं नव्या ऑइलवर.

मोटरहोमचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं वजन, मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, वर चिखलदऱ्याचा घाट. ऑइल करपणारच. डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) असेल तर एक थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपा. लालसर दिसला तर ठीक. काळपट, जळका वास आणि बोटांत कचकच लागली, तर नुसतं ऑइल बदलून भागायचं नाही, बॉक्स उघडावा लागेल. पातळी मात्र बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू असतानाच बघायची.