गोपनीयतेचे वचन आणि जबाबदारीचा नकार : एका विसंगतीची पार्श्वभूमी

गेल्या खरिपाच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी नात्यातल्या एका काकांनी आपला फोन माझ्या हाती दिला. बियाण्याला पैसे कमी पडत होते, म्हणून त्यांनी कर्ज देणारे एक ॲप उतरवून घेतले होते आणि त्यात आधार क्रमांक, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो आणि सात-बारा टाकला होता. कर्ज मिळाले नाही. मात्र आठवडाभरात अनोळखी नंबरांवरून त्यांना फोन येऊ लागले आणि बोलणाऱ्याला त्यांचे नावच नव्हे, तर शेताचा गट नंबरही ठाऊक होता. मी त्या ॲपचे गोपनीयता धोरण उघडले. त्यात लिहिले होते की तुमची माहिती आमच्याकडे पूर्णपणे सुरक्षित असून ती तुमच्या संमतीशिवाय कोणालाही दिली जाणार नाही. त्याच ॲपच्या वापराच्या अटींमध्ये बरेच खाली गेल्यावर असेही होते की ही सेवा ‘आहे त्या स्थितीत’ दिली जाते आणि माहिती गहाळ झाली, चोरीला गेली किंवा तिचा गैरवापर झाला, तर कंपनी कोणत्याही नुकसानीस जबाबदार राहणार नाही. दोन्ही मजकूर इंग्रजीत होते. मी ते मराठीत सांगितल्यावर काकांनी विचारले, “मंग बाबू, यातलं खरं कोनतं?”

हा प्रश्न कायद्यालाही बराच काळ सुटलेला नाही. तो का सुटला नाही, हे समजण्यासाठी या दोन कागदांचा जन्म वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या कारणांसाठी झाला, हे आधी लक्षात घ्यावे लागते.

जबाबदारी नाकारणारे कलम इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुने आहे. धोब्याच्या पावतीवर, कुरिअरच्या कागदावर आणि बियाण्याच्या पिशवीवर ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. लाँड्रीत हरवलेल्या साडीच्या एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने 1960च्या दशकातच सांगितले होते की भरपाई किमतीच्या अगदी लहान हिश्शापुरती मर्यादित करणारी छापील अट सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ब्रोजो नाथ गांगुली प्रकरणात असा दंडक घातला की दोन पक्षांच्या ताकदीत मोठी तफावत असताना दुर्बलावर लादलेली अन्याय्य अट टिकणार नाही. याच न्यायालयाने दहा वर्षांनी, 1996 मध्ये, भारती निटिंग कंपनीच्या दाव्यात कुरिअर कंपनीची जबाबदारी 100 डॉलरपुरती मर्यादित करणारी अट मात्र ग्राह्य धरली, कारण त्या कागदावर ग्राहकाची सही होती. म्हणजे सही झाली की अट बांधते, आणि अट फारच अन्याय्य असली तर बांधत नाही, असे दोन प्रवाह आपल्याकडे एकाच वेळी वाहत राहिले. विधी आयोगाने अन्याय्य अटींवर 1984 मध्ये 103वा आणि 2006 मध्ये 199वा अहवाल दिला. पण त्या शिफारशींतून स्वतंत्र कायदा झाला नाही. ब्रिटनमध्ये असा कायदा 1977 मध्येच आला होता.

विदर्भातील शेतकऱ्याला यातली बियाण्याची गोष्ट सर्वांत जवळची आहे. सोयाबीन उगवले नाही, दुबार पेरणी करावी लागली आणि कृषी केंद्रात गेल्यावर पिशवीवरचा बारीक मजकूर दाखवला गेला, हा अनुभव गावोगाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले की शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाण्यांविषयीचा वेगळा कायदा अस्तित्वात असला तरी ग्राहक न्यायालयाचे दार त्याला बंद होत नाही. पिशवीवर काय छापले आहे एवढ्यावर वाद संपत नाही, हे तेथे प्रस्थापित झाले. फोनमधल्या अटींच्या बाबतीत हीच पायरी गाठायला फार वेळ लागला आहे, आणि माझ्या मते ती अजून पूर्ण गाठलेली नाही.

संगणकाच्या जगात हे कलम सॉफ्टवेअरच्या खोक्यातून आले. खोके फोडले की आतल्या अटी मान्य केल्या असे समजावे, ही पद्धत अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने 1996 मध्ये प्रोसीडी विरुद्ध झायडनबर्ग या खटल्यात वैध ठरवली. मूळ हेतू समजण्यासारखा होता : प्रोग्रॅम बंद पडला म्हणून कोणाचा व्यवसाय बुडाला, तर त्याची अमर्याद भरपाई विक्रेत्यावर पडू नये. पुढे ते कलम जसेच्या तसे संकेतस्थळांवर आणि मग ॲपवर उतरले. दरम्यान व्यवहाराचे स्वरूप बदलले होते. आता ग्राहक वस्तू घेत होता तेवढीच स्वतःची माहिती देतही होता आणि त्या माहितीची राखण हाच सेवेचा गाभा झाला होता. राखणदाराने राखणीचीच जबाबदारी नाकारावी, ही विसंगती तिथून सुरू होते.

गोपनीयतेचे वचन मात्र सरकारी नियमांच्या भीतीतून जन्मले. 1990च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कायदा टाळण्यासाठी कंपन्यांनी स्वेच्छेने धोरणे प्रसिद्ध करावीत, असा सूर होता. तेथील व्यापार आयोगाने 1998 मध्ये जिओसिटीज या संकेतस्थळावर पहिली मोठी कारवाई केली, ती दिलेला शब्द मोडून सदस्यांची माहिती इतरांना दिल्याबद्दल. टॉयस्मार्ट या खेळण्यांच्या दुकानाने माहिती कधीच कोणाला न देण्याचे वचन दिले होते. 2000 मध्ये दिवाळे निघाल्यावर हीच ग्राहकांची यादी विकायला काढली गेली, आणि बराच वाद झाल्यावर ती नष्ट करण्यात आली.

या काळातला एक निकाल माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने प्रवाशांची माहिती नासा या सरकारी संस्थेला दिली होती आणि प्रवाशांनी संकेतस्थळावरील वचनाच्या आधारे दावा लावला होता. 2004 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. असे धोरण हे सर्वसाधारण निवेदन आहे, करार नव्हे, आणि प्रवाशांनी ते वाचल्याचे म्हटलेलेही नाही, असे कारण त्यात होते. न वाचलेल्या अटी ग्राहकाला बांधतात आणि न वाचलेले वचन कंपनीला बांधत नाही, असा याचा एकत्रित अर्थ निघतो. काकांच्या प्रश्नाला त्या काळच्या न्यायालयात मिळाले असते ते उत्तर हे आहे, आणि ते मला आजही अस्वस्थ करते.

भारतात 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 ची दुरुस्ती होऊन ती ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली आणि कलम 43अ आले. संवेदनशील माहिती हाताळताना कंपनीने निष्काळजीपणा केला, तर तिने बाधित व्यक्तीला भरपाई द्यावी, असे ते कलम सांगते. 2011 च्या नियमांनी गोपनीयता धोरण प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. जबाबदारी नाकारणाऱ्या कलमाविषयी त्या नियमांनी काहीच म्हटले नाही, म्हणून दोन्ही कागद शेजारी शेजारी नांदू लागले. शिवाय संवेदनशील माहितीच्या यादीत पासवर्ड, बँक खात्याचा तपशील, आरोग्य आणि बायोमेट्रिक्स होते. मोबाइल नंबर किंवा सात-बारा नव्हता. 5 कोटी रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्याचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे गेला. दारव्हा किंवा घाटंजीच्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ मुंबई, आणि म्हणून ते कलम आमच्या भागात जवळजवळ कोणाला ठाऊकच झाले नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोन चांगल्या गोष्टी केल्या. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली, आणि ‘अन्याय्य करारा’ची व्याख्या आली. मात्र अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगात नव्हे, तर राज्य आयोगात करावी लागते, आणि ग्राहक ठरण्यासाठी मोबदला दिलेला असावा लागतो. फुकटच्या ॲपवर माहिती देणारा माणूस येथे अडतो. कर्जाच्या ॲपपुरता रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये हस्तक्षेप केला आणि फोनमधील संपर्क यादी, कॉलची नोंद व फाइली पाहण्यास मनाई केली. पण तो नियम बँका आणि नोंदणीकृत वित्तसंस्थांना आणि त्यांच्या वतीने चालणाऱ्या ॲपना लागू होतो, आणि गावात फिरणारी सगळीच ॲप त्यांची नसतात.

मूळ विसंगतीला थेट हात घातला तो 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने. त्याची पायाभरणी 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात आहे, ज्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. नव्या कायद्याच्या कलम 8 मध्ये असे म्हटले आहे की उलट करार काहीही असला तरी माहिती हाताळणारी संस्था कायद्याच्या पालनास जबाबदार राहील. अटींच्या पानावर काहीही लिहून ही जबाबदारी झटकता येणार नाही, असे शब्द भारतीय कायद्यात इतक्या स्पष्टपणे येणे ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे. सुरक्षेची उपाययोजना न केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काहीही मिळत नाही, आणि भरपाई देणारे कलम 43अ हाच कायदा वगळतो. नकाराचे कलम निष्प्रभ होणार, त्याच हाताने दाव्याचा मार्गही काढून घेतला जाणार. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. त्यात संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीबरोबरच आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक आहे, म्हणजे काकांना ती मराठीत मागता येईल. त्यांच्या फोनमधल्या ॲपमध्ये आज फक्त ‘मी सहमत आहे’ एवढे बटण मराठीत आहे.