डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टम आणि देवनागरी

संगणकाचे यंत्रभाग आणि त्यांवर चालणारे प्रोग्राम यांच्यामधली व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम. मराठीत तिला 'परिचालन प्रणाली' म्हणतात. दुकानात मात्र 'फॉरमॅट मारून विंडोज टाका' एवढेच ऐकू येते. तिचा इतिहास बहुधा माउस, खिडक्या आणि स्टार्ट बटणाच्या अंगाने सांगितला जातो. ठाण्यात, नौपाड्याच्या एखाद्या गाळ्यात लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याला विचारले तर तो रेघ दुसरीकडेच ओढेल: देवनागरी अक्षर बाहेरून आणावे लागे तोवरचा काळ, आणि ते सिस्टममध्येच आले त्यानंतरचा.

आयबीएमच्या पीसीबरोबर १९८१ मध्ये आलेली डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवी, फाइलच्या नावाला आठ अक्षरे देई आणि प्रोग्रामांना ६४० केबी मेमरीत भागवायला लावी. भारतीय लिपी तिच्या गावीही नव्हती. त्यावर तोडगा निघाला तो जिस्ट कार्डाचा. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने पुढे नेले. कार्ड संगणकाच्या खाचेत बसे आणि पडद्यावर देवनागरी उमटवी.

ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाने १९८४ मध्ये चित्ररूप पडदा लोकप्रिय केला. पीसीवर तो खऱ्या अर्थाने रुळला १९९० च्या विंडोज ३.० नंतर. १९९२ च्या ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले आणि कार्डाची जागा फॉन्टने घेतली. पण हा तसा बनावच होता. २५६ खणांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी अर्धा क, काना, रफार असे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच. 'कि' लिहिताना वेलांटीचा तुकडा आधी साठवला जाई, 'क' नंतर. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'आमचे येथे श्रीकृपेकरून' च्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी. मराठी शब्दाचा शोध नाही, अकारविल्हे यादी नाही.

१९९५ चे विंडोज ९५ गाजले ते टास्कबार आणि लांब नावांमुळे. अक्षरांच्या बाबतीत त्याने फार काही केले नाही. खरा बदल विंडोज २००० चा. त्यात युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, देवनागरीसाठी आली आणि तुकडे जुळवण्याचे काम 'युनिस्क्राइब' या सिस्टमच्याच भागाकडे गेले. आता 'क' आधी साठवायचा, वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. पडद्यावर ती डावीकडे नेण्याचे काम सिस्टमचे. २००१ च्या एक्सपीत ही सोय होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषेच्या खिडकीत एका चौकटीत टिक करायची, की मशीन विंडोजची सीडी मागे. ती बहुतेकांकडे नसेच. का नसे, ते सांगायला नको. व्हिस्टापासून (२००७) टिक आणि सीडी दोन्ही सुटले. 'मंगल' फॉन्टमधले 'ल' आणि 'श' मात्र हिंदी वळणाचे, मराठी डोळ्याला खुपणारे.

ठाणेकरांना एक्सपी आवडायला आणखी एक कारण होते: भारनियमन. विंडोज ९८ फॅट पद्धतीच्या डिस्कवर चाले. वीज गेली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होई आणि गिऱ्हाईक खोळंबे. एक्सपीबरोबर घरोघरी आलेली एनटीएफएस पद्धत डिस्कवरच्या रचनेतला प्रत्येक बदल आधी नोंदवहीत टिपते, त्यामुळे वीज गेली तरी डिस्कची घडी विस्कटण्याचे प्रमाण कमी झाले. सेव्ह न केलेली पत्रिका अर्थातच जायची ती जायचीच.

लिनक्स (१९९१) ही ऑपरेटिंग सिस्टम फुकट असूनही डीटीपीत शिरली नाही, कारण पाने जुळवण्याचे पेजमेकर तिथे नव्हते आणि चित्रे काढण्याचे कोरलड्रॉही थोडाच काळ मिळाले. देवनागरीचे काम मात्र तिथेही आपल्याच भागात झाले. मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेने लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्याचा 'इंडिक्स' हा प्रकल्प हाती घेतला होता. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. नवी मुंबईत खारघरला सी-डॅकचे केंद्र आहे. सी-डॅकचे 'बॉस', म्हणजे लिनक्सची भारतीय आवृत्ती, २००७ चे.

विंडोज ८ ने (२०१२) स्टार्ट बटण काढले आणि वर्षभरात ८.१ मध्ये परत आणले; त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. विंडोज ११ (२०२१) टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप मागते, त्यामुळे चालती मशीनेही बाद ठरली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. तरी जुन्या डीटीपी दुकानात टेबलाखाली एखादे एक्सपीचे मशीन सापडते. नेटची वायर काढलेली, मागे प्रिंटरच्या पोर्टात लिपी-सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे ते चालू करणारी छोटी किल्ली. मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन कोणी धाकट्या मुलासाठी आले, 'मजकूर हाच, नावे बदला' म्हणाले, की जुन्या फॉन्टातली ती फाइल उघडायला ते मशीन चालू होते.