गज आणि हातोडी

बीथोव्हेनचा ए मेजरमधला चेलो सोनाटा, म्हणजे चेलो आणि पियानोसाठीची अनेक भागांची रचना (ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, ६९; १८०८), सुरू होतो तेव्हा पियानो गप्प असतो. चेलो, हे गजानं वाजवायचं मोठं तंतुवाद्य, एकटाच खर्जात गातो, खालच्या 'ई' या स्वरावर येतो आणि तिथेच थांबून राहतो. मग पियानो बोलू लागतो, तोही खूप वरच्या पट्टीत. मला ही सुरुवात ध्वनिशास्त्राचा उत्तम धडा वाटते.

तो 'ई' म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ कंपनं. राळ लावलेला गज तारेला चिकटून तिला ओढतो, ताण वाढला की ती निसटते, गज तिला पुन्हा पकडतो. हे सेकंदाला ८२ वेळा. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी खास सूक्ष्मदर्शकातून तारेची ही चाल टिपली. पियानोतली हातोडी मात्र तारेवर एकदाच आघात करते, आणि पुढे तो स्वर फक्त विरत जातो.

म्हणजे चेलोची बाजू वरचढ? तसं नाही. ८२ कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी चार मीटरहून जास्त असते आणि चेलोची पेटी जेमतेम पाऊण मीटरची. एवढ्याशा पेटीतून मूळ कंपन हवेत क्षीणच उतरतं. ठळक ऐकू येतात ती त्याच्या पटीतली कंपनं: १६५, २४७, आणि पुढची. त्यांच्यावरून मेंदू मूळ स्वर ओळखतो. पियानिस्टचा डावा हात नेमका याच भागात जोरात चालला, तर चेलो झाकला जातो, कारण जवळजवळच्या कंपनांना कानातल्या शंखात (आवाज टिपणाऱ्या आतल्या वळणदार नळीत) जवळपास एकाच जागी प्रतिसाद मिळतो. पियानोला वर पाठवून बीथोव्हेननं खालची जागा चेलोसाठी मोकळी ठेवली.

१७९६ मध्ये बर्लिनला, स्वतः चेलो वाजवणाऱ्या प्रशियाच्या राजा फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा याच्यासाठी, लिहिलेल्या त्याच्या पहिल्या दोन चेलो सोनाट्यांत पियानोच भाव खाऊन जातो. तेव्हाचे पियानो लाकडी सांगाड्याचे, हलक्या आवाजाचे होते. आजच्या लोखंडी चौकटीच्या पियानोवर तेच वाजवताना हात फार आवरावा लागतो.

बीथोव्हेनच्या पाचही चेलो सोनाट्यांत पूर्ण, स्वतंत्र असा संथ भाग एकच आहे, १८१५ च्या शेवटच्या सोनाट्यात. तो ऐकताना पियानोच्या एखाद्या लांब स्वरावर कान ठेवा. तो विरत असतानाच चेलोचा स्वर गजाखाली हळूहळू फुगत जातो.