'काहीही बदललेलं नाही': ऐन प्रचारातल्या घूमजावची पार्श्वभूमी

ऐन प्रचारात उमेदवाराने शब्द फिरवला की त्याला नाव काय द्यायचं, खरी मारामारी तिथेच सुरू होते. विरोधक म्हणणार घूमजाव नाहीतर कोलांटउडी, पेपरवाले जपून लिहिणार 'पवित्रा बदलला', आणि उमेदवार म्हणणार मी कुठे बदललो, माझ्या बोलण्याचा विपर्यास केलाय, हा नुसता खुलासा आहे. कोलांटउडी हा शब्द तर डोंबाऱ्यावर अन्यायच आहे, तो उडी मारून शेवटी स्वतःच्या पायावर उभा राहतो, हे लोक बहुतेक तोंडावर पडतात.

बहुतेक म्हणायचं कारण म्हणजे सगळेच पडतात असं नाही. १९२० ला अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा एक उमेदवार राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) सामील व्हा म्हणून देशभर भाषणं देत फिरला होता, तोच माणूस १९३२ ला अध्यक्षपदाच्या उमेदवारीमागे असताना एका बड्या वृत्तपत्रमालकाने पहिल्या पानावरून तगादा लावला, आणि फेब्रुवारीत याने जाहीर करून टाकलं की आता राष्ट्रसंघात जायला आपला पाठिंबा नाही. जुने साथीदार भडकले, पण उमेदवारीही मिळाली आणि निवडणूकही जिंकली. १९७२ ला उलटं झालं. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराने पूर्वी नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं बाहेर आलं, मुख्य उमेदवार म्हणाला मी हजार टक्के त्याच्या पाठीशी आहे, आणि निवड झाल्यापासून १८ दिवसांत त्याला बाजूला व्हावं लागलं. पुढे ५० पैकी ४९ राज्यं गेली. ती काही या एकाच कारणाने गेली नाहीत, पण 'हजार टक्के' हा तेव्हापासून टिंगलीचा शब्द झाला.

अमेरिकेतल्याच २००४ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराची, जॉन केरीची, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, इराक-अफगाणिस्तान युद्धखर्चाबद्दलची 'आधी मी ८७ अब्ज डॉलरच्या बाजूने मत दिलं आणि मग विरोधात' वाली. खरं तर त्यात घूमजाव फारसं नव्हतंच. खर्च तोच, पण श्रीमंतांची करसवलत कमी करून पैसा उभा करणाऱ्या प्रस्तावाला त्याने हो म्हटलं होतं, आणि तो भाग नसलेल्या विधेयकाला नाही. पण हे सांगायला पाच मिनिटं लागतात आणि टीव्हीवर पाच सेकंद मिळतात. विरोधी पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी रबरी स्लिपरा हातात धरून नाचवल्या, कारण इंग्रजीत त्या चपलेला आणि शब्द फिरवण्याला एकच शब्द आहे, विषय संपला.

जर्मनीत २०१० च्या शरद ऋतूत सरकारने अणुप्रकल्पांचं आयुष्य वाढवलं, ११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली, १४ तारखेला त्या वाढीला तीन महिन्यांची स्थगिती, आणि २७ तारखेला एका मोठ्या राज्याची निवडणूक. मधल्या दिवसांत एक मंत्री उद्योगपतींच्या बंद बैठकीत बोलून बसला की निवडणुका तोंडावर असताना निर्णय नेहमीच तर्काला धरून होत नाहीत, आणि त्या बैठकीचं इतिवृत्त फुटलं. ५८ वर्षं हातात असलेलं राज्य गेलं. यातलं किती फुकुशिमामुळे आणि किती त्या इतिवृत्तामुळे हे कोण सांगणार.

आता मुख्य गोष्ट, ब्रिटन २०१७. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान बाई आधी कितीदा म्हणाल्या होत्या की २०२० शिवाय निवडणूक नाही, मग एप्रिलमध्ये एकदम जाहीरच केली, म्हणजे त्या प्रचाराची सुरुवातच यू-टर्नने झाली. पण ते लोकांनी चालवून घेतलं, पोलमध्ये २० टक्क्यांच्या आसपास आघाडी होती. १८ मेला जाहीरनामा आला आणि त्यात म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा खर्च कसा वसूल करायचा याची नवी योजना होती. केअर होममध्ये राहणाऱ्याच्या घराची किंमत आधीपासूनच हिशोबात धरत होते, आता घरी राहून देखभाल घेणाऱ्याचीही धरायची. त्याबदल्यात २३,२५० पौंडांपर्यंतची मालमत्ता सुरक्षित राहायची ती मर्यादा एक लाख पौंडांवर न्यायची, आणि घर हयातीत विकायला लावायचं नाही, वसुली मेल्यानंतर. कागदावर बघितलं तर काही कुटुंबांचा यात फायदाच होता हे मान्य करावं लागेल.

गाडी अडली ती कमाल मर्यादेवर. २०११ ला एका आयोगाने सुचवलं होतं की एका माणसाने आयुष्यभरात ३५ हजार पौंडांच्या आसपास भरावेत, पुढचं सरकार बघेल. सरकारने ती ७२ हजार केली, २०१६ पासून लागू करायचं ठरवलं, मग २०२० वर ढकललं. नव्या जाहीरनाम्यात ही मर्यादाच गायब. आणि हे नजरचुकीने राहिलं असंही नाही, त्याच सकाळी एका मंत्र्याने रेडिओवर चक्क सांगितलं की हो, आम्ही ती सोडून देतोय आणि उघडपणे सोडून देतोय.

मग 'डिमेन्शिया टॅक्स' हा शब्द आला आणि सगळं त्याच्याभोवती फिरायला लागलं. या शब्दाचा गुंता वेगळाच आहे. तो त्या आठवड्यात जन्मलेला नाही, स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तो आधीच्या व्यवस्थेबद्दल वापरला होता, की कॅन्सर झाला तर सरकारी दवाखाना फुकट बघतो आणि स्मृती गेली तर तुमच्या घरातून वसूल करतात. म्हणजे ज्या अन्यायाला हे नाव दिलेलं होतं तो तेव्हाही चालूच होता, पण लोकांना वाटलं हा नवा कर आहे. तांत्रिकदृष्ट्या तो करही नव्हता. पण दारोदार फिरणाऱ्या त्यांच्याच पक्षाच्या उमेदवारांना मतदार दारातच विचारायचे, माझं घर घेणार का? विरोधक तर ओरडणारच होते, दबाव खरा आला तो स्वतःच्याच पक्षातून.

चौथ्या दिवशी, २२ मेला, वेल्समधल्या एका सभेत बाईंनी सांगितलं की खर्चाला कमाल मर्यादा असेल. आकडा नाही. पत्रकारांनी विचारलं म्हणजे तुम्ही माघार घेतली ना, तर आवाज चढवून, हात पसरून, 'काहीही बदललेलं नाही', आणि परत तेच. त्यांची बाजू घेणारे म्हणतात की मूळ तत्त्व तसंच होतं, फक्त तपशील वाढवला. असेल, पण मंत्र्याने सोडली म्हणून सांगितलेली गोष्ट चार दिवसांत परत आली तर त्याला मराठीत सारवासारव म्हणतात. माघार घेतली, चुकलं, असं म्हणाल्या असत्या तर दोन दिवसांची बातमी होती असं मला वाटतं. त्याच रात्री मँचेस्टरला बॉम्बस्फोट झाला, प्रचार थांबला, पण ते वाक्य काही थांबलं नाही. ८ जूनला ६५० पैकी ३१७ जागा, बहुमत गेलं.

अलीकडे वेग वाढतच गेलाय. २०१६ लाच अमेरिकेतल्या एका उमेदवाराने गर्भपात करणाऱ्या बाईला शिक्षा हवी हे विधान काही तासांत मागे घेतलं होतं, २०१९ ला दुसऱ्या पक्षातल्या एकाने गर्भपाताच्या सरकारी निधीवरच्या बंदीला असलेला कित्येक वर्षांचा पाठिंबा जवळपास एका दिवसात सोडला, आणि आधी फ्रॅकिंगवर (जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी घालू म्हणालेलीच उमेदवार २०२४ ला बंदी नाही म्हणत होती. हे तिघेही पुढे उमेदवारीपर्यंत पोचले, पहिले दोघे तर अध्यक्षही झाले.

आणि ती मर्यादा? २०२१ ला पुढच्या पंतप्रधानांनी ८६ हजार पौंडांची जाहीर केली, ऑक्टोबर २०२३ पासून. मग ती ऑक्टोबर २०२५ वर गेली. जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं आणि त्याने त्याच महिन्यात ती रद्द केली, त्यांचेही लोक प्रचारात म्हणत होते की ती ठेवू.