पंचवीस टक्के की सात?

अमेरिकन फुटबॉलमधल्या सिनसिनाटी बेंगल्स या संघाने आपलं काम चोख केलं होतं. 4 जानेवारी 2025 च्या शनिवारी रात्री पिट्सबर्गमध्ये जाऊन त्यांनी स्टीलर्सना 19-17 असं हरवलं. मोसमाची सुरुवात सलग तीन पराभवांनी झालेली, डिसेंबर उजाडला तेव्हा 4 विजय आणि 8 पराभव अशी अवस्था, आणि तिथून ओळीने पाच सामने जिंकून 9-8. जो बरोने मोसमभरात 4,918 यार्डांचे पास टाकले होते, जमार चेसने 17 टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं) झेलले होते. एवढं करूनही बाद फेरीचं दार त्यांच्यासाठी उघडलेलं नव्हतं. रविवारी आणखी दोन गोष्टी घडायला हव्या होत्या. डेन्व्हर ब्राँकोजना त्यांच्याच मैदानावर कॅन्सस सिटी चीफ्सकडून हार पत्करावी लागायला हवी होती, आणि मायामी डॉल्फिन्सना न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध विजय मिळता कामा नये होता. बेंगल्सचा स्वतःचा एकही सामना उरला नव्हता.

आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यातली जर-तरची समीकरणं आपल्याला पाठ असतात, तसाच हा मामला. शनिवारी रात्री सिनसिनाटीची शक्यता नेमकी किती होती, हे काढायला बसलं की संभाव्यताशास्त्राचा जवळजवळ अख्खा अभ्यासक्रम समोर येतो. म्हणून हे उदाहरण मला फार आवडतं.

आधी स्पर्धेची रचना. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या साखळीत 32 संघ आहेत. त्यांच्या दोन कॉन्फरन्स, एकेकीत 16 संघ, आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार-चार संघांचे चार गट. 2021 पासून प्रत्येक संघ साखळीत 17 सामने खेळतो. एकूण सामने 272. प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ बाद फेरीत जातात. चार गटविजेत्यांना पहिलं ते चौथं मानांकन, उरलेल्यांतल्या सर्वोत्तम तिघांना पाचवं ते सातवं. पहिल्या मानांकित संघाला एक फेरी विश्रांती मिळते. ती दुसऱ्या कुणालाच नाही. बेंगल्सचा डोळा होता सातव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर.

आता हिशेब. दोन घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तर दोन्ही घडण्याची शक्यता म्हणजे दोघींचा गुणाकार. समजा चीफ्स जिंकण्याची शक्यता 55 टक्के धरली आणि जेट्सची 45 टक्के. 0.55 गुणिले 0.45 म्हणजे 0.2475. पंचवीस टक्के, चारातली एक संधी. (हे आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत.) गुणाकार शाळकरी आहे. खरा प्रश्न हा, की ते 55 आणायचे कुठून?

इथे आपल्याला बुद्धिबळाकडे जावं लागतं. नागपूरच्या दिव्या देशमुखपासून गल्लीतल्या स्पर्धेत खेळणाऱ्या पोरापर्यंत ज्याचं-त्याचं रेटिंग असतं ना, ती पद्धत बसवली आर्पाड एलो या मूळच्या हंगेरियन माणसाने. ते अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांची पद्धत 1970 मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमध्ये 100 चा फरक असेल तर वरचढाच्या बाजूने सुमारे 64 टक्के, 200 चा असेल तर 76 टक्के. प्रत्येक सामन्यानंतर जिंकणाऱ्याचे गुण वाढतात, हरणाऱ्याचे तितकेच घटतात. तगड्याला हरवलं तर जास्त, दुबळ्याला हरवलं तर थोडे. फुटबॉल संघांनाही हीच फूटपट्टी लावता येते. यजमान संघाला त्यात थोडे गुण वाढवून द्यायचे. हे वाढीव गुण किती, हेही काळाप्रमाणे बदलतं. 2020 मध्ये कोरोनामुळे बहुतेक स्टेडियम रिकामी किंवा जेमतेम भरलेली होती, आणि त्या मोसमात यजमान संघांचा एकत्रित हिशेब 127 विजय, 128 पराभव आणि एक बरोबरी असा लागला. घरच्या मैदानाचा फायदा नाहीसाच झाला होता.

सिनसिनाटीचं गणित सोपं, कारण ते शेवटच्या दिवसाचं आहे. दोन आठवडे मागे गेलं की चित्र अवघड होतं. शेवटच्या आठवड्यात 16 सामने असतात. प्रत्येकाचे दोन निकाल धरले तरी 65,536 वेगवेगळे शेवट. संगणक ते सगळे एकेक करून तपासू शकतो. दोन आठवडे उरले असतील तर 32 सामने, म्हणजे 4 अब्ज 29 कोटींहून जास्त शेवट. तीन आठवडे उरले असतील तर 281 लाख कोटी. आणि यात बरोबरीत सुटणारे सामने अजून धरलेलेच नाहीत.

बरं, नुसते विजय मोजून भागत नाही. एकाच गटातल्या दोन संघांचे विजय सारखे झाले तर बरोबरी सोडवण्याच्या नियमांची लांबलचक उतरंड आहे: आपापसातले सामने, गटातली कामगिरी, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, कॉन्फरन्समधली कामगिरी, आणि मग ‘विजयाचं वजन’. म्हणजे तुम्ही ज्यांना हरवलंत त्या संघांनी मिळून मोसमात किती सामने जिंकले, त्याचा हिशेब. अगदी तळाला छापा-काटा आहे.

कागदावर ही कलमं कोरडी वाटतात. पण त्याच मोसमात लॉस एंजेलिस रॅम्सचं काय झालं पाहा. शनिवारी, 28 डिसेंबरला त्यांनी ॲरिझोनाला 13-9 असं हरवलं. दुसऱ्या दिवशी ते घरी बसलेले असताना इतर संघांचे सामने होत गेले. रॅम्सने आधी ज्यांना हरवलं होतं त्यांच्या खात्यात विजय जमा होत गेले, त्यामुळे रॅम्सच्या ‘विजयाचं वजन’ वाढलं, आणि रात्री गटविजेतेपद त्यांच्या नावावर पक्कं झालं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच गटातल्या सिॲटल सीहॉक्सकडून 30-25 असे हरून दोघांचे 10-7 झाले, तरी काही बिघडलं नाही. आपली जागा ठरवणारे सामने खेळणारी माणसं वेगळीच होती! असं गुंतलेलं जाळं एखाद्या सूत्रात बसवणं जवळजवळ अशक्य.

यातून वाट काढली ती पत्त्यांच्या डावाने. 1946 मध्ये स्तानिस्लाव उलाम हा गणितज्ञ मोठ्या आजारातून उठत होता आणि वेळ घालवायला पेशन्स खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे त्याने आधी सूत्राने काढायचा प्रयत्न केला. मग त्याच्या मनात आलं, की शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते सरळ मोजावं. हा विचार त्याने जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाला सांगितला आणि लॉस ॲलमॉस या अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत, विखंडन होणाऱ्या पदार्थातून न्यूट्रॉन कसे प्रवास करतात याच्या हिशेबासाठी तो वापरला गेला. त्याला मॉन्टे कार्लो पद्धत हे नाव पडलं. उलामचे एक काका उसने पैसे घेऊन मोनॅकोतल्या मॉन्टे कार्लोच्या जुगारघरात जायचे, त्यावरून.

फुटबॉलमध्ये हेच करतात. उरलेला मोसम संगणकात खेळवायचा. प्रत्येक सामन्याला शंभर चिठ्ठ्या समजा. यजमानाची शक्यता 62 असेल तर 62 चिठ्ठ्यांवर त्याचं नाव, 38 वर पाहुण्याचं. एक उचलायची. असे सगळे सामने संपवून अख्खा तक्ता मांडायचा, बरोबरीचे नियम लावायचे आणि कोण कितव्या जागी आलं ते लिहून ठेवायचं. मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. दहा हजार वेळा खेळवलं आणि 2,500 वेळा आपला संघ आत गेला, तर शक्यता 25 टक्के. यात चिठ्ठ्यांच्या नशिबाने येणारी चूक असते. शंभर फेऱ्यांत ती साधारण 4 टक्क्यांची, दहा हजार फेऱ्यांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. चूक निम्मी करायची तर फेऱ्या चौपट कराव्या लागतात.

यातली एक बारीक गोष्ट मला विशेष वाटते. चांगल्या प्रारूपात, कल्पनेतल्या त्या मोसमात एखादा संघ जिंकला की त्याचं रेटिंगही तिथल्या तिथे वाढवतात आणि पुढची चिठ्ठी नव्या रेटिंगने काढतात. कारण आज आपल्याला संघाची खरी ताकद पक्की ठाऊक नसते. पुढचे दोन सामने तो जिंकला, तर बहुधा तो आपल्याला वाटला त्याहून मुळातच चांगला होता. हे धरलं नाही तर लांबच्या शक्यता, अगदी वरच्या आणि अगदी खालच्या, कमी मोजल्या जातात. 4-8 वरून 9-8 ला जाणारे संघ अशाच कोपऱ्यात सापडतात.

मानांकनाची किंमतही याच पद्धतीने कळते. त्याच रविवारी डेट्रॉइट लायन्स आणि मिनेसोटा वायकिंग्ज समोरासमोर होते, दोघेही 14-2. जिंकणाऱ्याला पहिलं मानांकन, हरणाऱ्याला थेट पाचवं. आधीचा सामना ऑक्टोबरमध्ये लायन्सने 31-29 असा जिंकला असल्यामुळे त्यांना बरोबरीही चालली असती. आता पाहा: पहिल्या मानांकिताला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, गाठायला दोन सामने जिंकावे लागतात, दोन्ही घरी. पाचव्याला तीन, आणि साधारणपणे तिन्ही परक्या मैदानावर. घरी 60 टक्के आणि बाहेर 45 टक्के शक्यता धरली, तर पहिल्याचे 36 टक्के होतात आणि पाचव्याचे जेमतेम 9. दोन सारख्याच ताकदीचे संघ, आणि एका सामन्याने चौपटीचा फरक. लायन्स 31-9 असे जिंकले, जामीर गिब्सने चार टचडाऊन केले. 14 सामने जिंकूनही वायकिंग्जना 10 जिंकलेल्या रॅम्सच्या वाट्याचा पाहुणा व्हावं लागलं. लॉस एंजेलिस परिसरातल्या वणव्यांमुळे तो सामना ॲरिझोनात हलवला गेला आणि रॅम्सने तो 27-9 असा जिंकला. अर्थात 36 टक्क्यांना 64 टक्क्यांची दुसरी बाजू असतेच. लायन्सही आपल्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टन कमांडर्सकडून घरच्या मैदानावर 45-31 असे हरले.

आता परत सिनसिनाटीकडे. माझ्या हिशेबात चीफ्सचे 55 टक्के धरले होते. 15-1 अशी कामगिरी असलेला संघ, समोर 9-7 चा डेन्व्हर. परक्या मैदानाची वजावट करूनही 55 हा रेटिंगच्या फूटपट्टीने काही जास्त आकडा नाही. पण चीफ्सचं पहिलं मानांकन आधीच पक्कं झालेलं होतं. हरले काय, जिंकले काय, त्यांच्या जागेत तसूभर फरक पडणार नव्हता. साहजिकच त्यांनी पॅट्रिक महोम्ससह आपल्या मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली. रेटिंग ज्या संघाचं होतं, तो संघ डेन्व्हरच्या मैदानात उतरलाच नाही. दुसऱ्या फळीची शक्यता 15 टक्के धरा: 0.15 गुणिले 0.45, म्हणजे पावणेसात टक्के. चारातली एक संधी बघता बघता पंधरातली एक झाली.

मोसमाच्या अखेरच्या आकड्यांबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक संघ जिंकायलाच उतरतो, म्हणून ताकद मोजली की पुरतं. जानेवारीत ताकदीइतकंच महत्त्व गरजेला येतं, आणि कुणाला कशाची गरज उरली आहे हे इतरांच्या निकालांवर ठरलेलं असतं. मग सामने एकमेकांपासून सुटे राहत नाहीत आणि साधा गुणाकार लंगडा पडतो. दहा हजारांऐवजी दहा लाख फेऱ्या चालवल्या तरी ही चूक कमी होत नाही. ती चिठ्ठ्यांच्या नशिबाची चूक नाही, चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या नावांची आहे.

एखादा सात टक्क्यांचा अंदाज बरोबर होता की चूक, हे त्या एका निकालावरून सांगता येत नाही. त्यासाठी असे शेकडो अंदाज एकत्र ठेवून पाहावं लागतं, की सात टक्के म्हटलेल्या गोष्टी खरोखर शंभरात सातच्या आसपास घडतात का. हवामानाचे अंदाज असेच तपासतात. त्याचं गणिती माप ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने 1950 मध्ये मांडलं, आणि आज खेळांच्या अंदाजांनाही तेच लावलं जातं.

रविवारी मायामी खरोखरच जेट्सकडून 32-20 असे हरले. सिनसिनाटीला हवं असलेलं एक दान पडलं. डेन्व्हरमध्ये मात्र चीफ्सना एकही गुण करता आला नाही. ब्राँकोज 38-0 असे जिंकले आणि सातवी जागा त्यांची झाली.

मला त्या आकड्यांत सगळ्यात जास्त वेळ अडकवून ठेवलं ते त्याच्याही आधीच्या एका सामन्याने. नाताळच्या दिवशी चीफ्सने पिट्सबर्गमध्ये स्टीलर्सना 29-10 असं हरवलं आणि पहिलं मानांकन तिथेच पक्कं केलं. ते हरले असते तर 14-2 वर राहिले असते. चार दिवसांनी बफेलो बिल्स 13-3 वर आले, आणि नोव्हेंबरात बिल्सनी चीफ्सना 30-21 असं हरवलेलं असल्यामुळे बरोबरी झाली असती तर पारडं बिल्सचं जड होतं. म्हणजे 5 जानेवारीला चीफ्सना डेन्व्हरमध्ये जिंकणं भाग पडलं असतं आणि महोम्स मैदानात दिसला असता. सिनसिनाटीचे पंचवीस टक्के 25 डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये गळून गेले होते, आणि त्या मैदानावर सिनसिनाटी, डेन्व्हर किंवा मायामी यांच्यातला एकही खेळाडू नव्हता.